अ‍ॅम्पचा गेन: कानाने, मल्टिमीटरने की ऑसिलोस्कोपने?

गाडीतल्या अ‍ॅम्पवरचा (अ‍ॅम्प्लिफायरवरचा) गेन म्हणजे आवाजाचा नॉब नव्हे. स्टिरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल आला की अ‍ॅम्पने पूर्ण पॉवर द्यायची, एवढंच तो ठरवतो. गरजेपेक्षा जास्त फिरवला की सिग्नलच्या लाटेचे माथे सपाट होतात, यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेच्या दुप्पट पॉवर देते, आणि तिचा बहुतेक भाग व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी, तापवण्यात जातो.

पद्धत निवडण्याआधी एकच गोष्ट बघा: अ‍ॅम्पचा आरएमएस आकडा (सतत चालणारी पॉवर, वॅटमध्ये) सबवूफरपेक्षा, म्हणजे बेसच्या स्पीकरपेक्षा, मोठा आहे का?

मोठा असेल तर मल्टिमीटरच घ्या. समजा सबवूफर ३०० वॅट, ४ ओहम आणि अ‍ॅम्प ५०० वॅटचा आहे. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: साधारण ३४.६ व्होल्ट. सबवूफरच्या वायरी काढा, इंजिन चालू ठेवा, इक्वलायझर आणि बेस बूस्ट शून्यावर आणा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन हळूहळू वाढवा, आकडा आला की थांबा. ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, इथे एकटा पुरत नाही. त्यावर लाट स्वच्छ दिसत राहील आणि सबवूफरला मात्र ५०० वॅट जात असतील.

अ‍ॅम्प लहान असेल तर ऑसिलोस्कोप सरस. तिथे क्लिपिंग आधी येतं, आणि ते मल्टिमीटरला दिसत नाही. स्टिरिओनेच लाट कापून पाठवली असली तरी मीटर निमूटपणे आकडा दाखवतो. स्कोप आधी स्टिरिओच्या आरसीए आउटपुटला (जिथून सिग्नल अ‍ॅम्पकडे जातो) लावा, लाट कुठल्या आवाजापर्यंत स्वच्छ राहते ते बघा, मग अ‍ॅम्पकडे वळा. अ‍ॅम्प ब्रिज केलेला (दोन चॅनेल जोडून एक केलेला) असेल तर बॅटरीवर चालणारा स्कोपच वापरा आणि त्याची ग्राउंड क्लिप गाडीच्या बॉडीला लागू देऊ नका.

कानावर मी सबवूफर सोपवणार नाही. दरवाजातल्या स्पीकरचा आवाज फाटणं लगेच कळतं. ४०-५० हर्ट्झला ते बरंच वाढेपर्यंत जाणवत नाही, तोवर कॉइल तापलेली असते. जळका वास आला तर आवाज ताबडतोब बंद करा.

आणि गेन लावून झाल्यावर बेस बूस्टला हात लावू नका. ६ डेसिबल वाढवले की त्या पट्टीत चौपट पॉवर मागितली जाते. बूस्ट हवाच असेल तर तो चालू ठेवून, तो ज्या हर्ट्झवर काम करतो त्याच टोनवर पुन्हा मोजा.