अँटिव्हायरस चालेना म्हणून फोन केला आणि ६,४९९ रुपये गेले

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. पत्रिका अजून पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरवरच होतात आणि तो संगणक विंडोज ७चा. बदलत का नाही, असं विचारू नका. जुन्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की जोडाक्षरांची वाट लागते. लग्नसराईत तो ताप कोण घेणार?

गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस यायला लागला, म्हणून बाजारातून ११५० रुपयांची अँटिव्हायरसची पेटी आणली. कोड खरवडला, इन्स्टॉल करायला घेतलं, तर पाटी आली: या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे चालणार नाही. पेटीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘विंडोज १० आणि ११’ छापलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं. कोड खरवडलेला, त्यामुळे दुकानदार परत घेईना.

मग कंपनीची हेल्पलाइन नेटवर शोधली आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावला. पेटीवर नंबर छापलेला असताना! वर आलेली ती जाहिरात होती, हे नंतर कळलं.

पलीकडचा माणूस हिंदीत, फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, विंडोज ७चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० रोजीच बंद केलाय. हे खरं आहे. अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्यापर्यंत जाऊन काम करतो, म्हणून बऱ्याच कंपन्या जुन्या विंडोजवर तो चालवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. हेही खरंच. इथंच मी गळाला लागलो. पहिली दोन वाक्यं खरी निघाली की तिसरं कोण तपासतो?

त्यानं स्क्रीन दिसणारं ॲप घालायला लावलं, त्यात आलेला नंबर माझ्याकडून घेतला आणि माऊस आपोआप फिरायला लागला. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणांची भली मोठी यादी दाखवली. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ टाइप करून ‘फॉरेन ॲड्रेस’ असा रकाना दाखवला. “सर, हॅकर अंदर बैठा है.” माझ्या पोटात गोळा आला. तेवीस गिऱ्हाइकांच्या पत्रिका त्या मशीनमध्ये होत्या.

विंडोज ७साठी खास लाइफटाइम लायसन्स, ६,४९९ रुपये. यूपीआयवर कंपनीचं नव्हे, एका बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, “अकाउंट्सवाली मॅडम.” मी पैसे पाठवले. त्यानं कसलीशी हिरवी ढाल स्क्रीनवर बसवली आणि चार सेकंदांत सगळा संगणक तपासून झाला. अहो, आमचा पत्रिकांचा फोल्डर उघडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो!

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. जादा पैसे कापले गेलेत, परत करायचेत, तेच ॲप मोबाइलवर घाला आणि बँकेचं ॲप उघडा. पुतण्या शेजारी बसला होता. त्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंदच केला.

मग त्यानं स्वतःचा नवाकोरा लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि त्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथंही लाल खुणा! एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, तरी विंडोज तिथं नोंद करून ठेवतं. आणि ‘फॉरेन’ म्हणजे परदेशी नव्हे, जोडणीचं पलीकडचं टोक. शेजारच्या खोलीतला नेटवर्क प्रिंटरसुद्धा तिथं दिसू शकतो. म्हणजे त्या माणसानं मला माझाच धडधाकट संगणक दाखवून घाबरवलं होतं.

सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे १९३०, तिथं तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. पण तोवर तीन दिवस उलटले होते. पैसे अजून आलेले नाहीत. फसलोय हे कळल्याबरोबर पहिल्या तासात १९३०ला फोन करा, लाजत बसू नका. मी रात्रभर लाजत बसलो, तेवढा वेळ आणखी गेला.

विंडोज १०चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय, त्यामुळे हीच टेप आता त्या लोकांना ऐकवली जाणार.

जुन्या मशीनची नेटची वायर मी काढून टाकली. ते आता फक्त पत्रिकांपुरतं. पेनड्राइव्ह आधी पुतण्याच्या लॅपटॉपला लागतो. त्याच्या विंडोज ११वर माझ्या त्या पेटीतला कोड टाकून बघितला. दहा मिनिटांत चालू झाला.