जॅक की पाइपवायर: तानपुऱ्यावरून ठरलं

लिनक्सवर गाणं रेकॉर्ड करायला बसलं की आधी साउंडकार्ड कोणाच्या हवाली करायचं ते ठरवावं लागतं. माझी बरीच वर्षं जॅक (रेकॉर्डिंगसाठीचा) आणि पल्सऑडिओ (रोजच्या आवाजासाठीचा) या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीत गेली, आता दोन वर्षं त्या दोघांच्या जागी पाइपवायर आहे. माइक तोच, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आर्डर तेच, लॅपटॉपही तोच जुना.

जॅकला मी नावं ठेवणार नाही. कुठल्याही प्रोग्रॅमचा आवाज वायर खोचल्यासारखा दुसऱ्यात सोडायची सवय मला त्यानंच लावली. 48,000 हर्ट्झला 128 फ्रेमचा बफर (एका वेळी पुढे जाणारा आवाजाचा तुकडा; तो लहान तितका उशीर कमी), म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्याही आत. पण जॅकमध्येसुद्धा जॅक1 आणि जॅक2 असे दोन भाऊ, दोघंही एकच काम करणारे. नवख्यानं कुठला घ्यावा? निवडीची मुभा म्हणायची तर आहे.

तेही चाललं असतं. माझं घोडं अडलं तानपुऱ्यापाशी. रियाजाला मी ब्राउझरमधला तानपुरा लावतो. सकाळी सा लागला, बंदिश टिपून ठेवावी म्हणून जॅक सुरू केलं, की तानपुरा गप्प! जॅकला कार्ड एकट्याला लागतं, पल्सऑडिओनं बाजूला व्हायचं. मग पल्सऑडिओ जॅककडे वळवणारं मॉड्यूल चढवा, क्यूजॅकसीटीएल या जॅकच्या खिडकीत तारा जोडा, तोवर गळा थंड. यासाठी स्क्रिप्ट लिहिली, तर लॅपटॉप झोपून उठला की तीही रुसायची.

पाइपवायर विम टेमन्स यांनी मुळात व्हिडिओसाठी सुरू केलं होतं. 2021 मध्ये फेडोरा 34 या लिनक्सच्या आवृत्तीनं आवाजाचं कामही त्याच्याकडे सोपवलं, पुढच्या वर्षी उबुंटू 22.10 नं. त्याची खुबी अशी की ब्राउझरला समोर पल्सऑडिओ दिसतं, आर्डरला जॅक. जुनी एकही गोष्ट टाकावी लागली नाही. क्यूपीडब्ल्यूग्राफ या तारा जोडायच्या प्रोग्रॅममध्ये ब्राउझरची तार फक्त हेडफोनला, माइकची आर्डरला; तानपुरा कानात वाजतो, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही.

तक्रार आहेच. बफर सहसा 1024 फ्रेमवर असतो, एकवीस मिलिसेकंद. आपलाच आवाज कानात मागून येतो, म्हणून बफर कमी करून घ्यावा लागतो. आणि 64 फ्रेमवर चार प्लगिन (आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्रॅम) लावले की माझ्याकडे तडतड होते, जॅकवर तेवढी होत नसे. हा माझ्या कानांचा हिशेब, मोजून पाहिलेलं नाही. रेकॉर्डिंगसाठी वेगळं मशीन असेल, त्यावर दुसरं काही वाजवायचं नसेल, तर जॅक बदलायची घाई कदाचित करू नये. एकाच लॅपटॉपवर सगळा संसार असेल तर मी पाइपवायरच म्हणेन.

फक्त त्याचं जॅकसाठीचं पॅकेज टाकून घ्या आणि आर्डरमध्ये ऑडिओ सिस्टिम म्हणून जॅकच निवडा. अल्सा (साउंडकार्डशी थेट बोलणारा लिनक्सचा थर) निवडलंत तर आर्डर कार्ड थेट स्वतःकडे ओढतं, आणि तानपुरा पुन्हा गप्प.