चार वेळा म्हणूनही मला न जमलेलं एक वाक्य

कपल थेरपीची बारा सेशन झाली, म्हणून हा अभिप्राय. बायकोच्या आग्रहाखातर गेलो होतो. कुणीतरी त्रयस्थ माणूस तिची समजूत काढेल, असंच तेव्हा माझ्या मनात होतं. अशा ठिकाणी लोक बहुतेक वेळा जोडीदाराच्या आत्मकेंद्रीपणाबद्दल लिहितात. आमच्यात आत्मकेंद्री मी आहे, म्हणून त्या बाजूने लिहितोय.

पहिली दोन सेशन फुकट गेली. मला बोलता चांगलं येतं. आवाज चढत नाही, तारखा लक्षात असतात, आपल्या दोन-तीन चुका मी आधीच कबूल करून मोकळा होतो. ती रडत होती, मधेच थांबत होती, एका विषयातून दुसऱ्यात जात होती. पन्नास मिनिटांतली पस्तीस तरी मीच बोललो असेन. थेरपिस्ट मॅडम माझ्या बोलण्यावर मान डोलवत होत्या. "तुम्हाला स्वतःची चांगली जाण आहे," असंही एकदा म्हणाल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तिथेही तूच जिंकलास." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना जड जातंय, पण तसंच झालं.

ही त्यांची चूक होती, आणि साधी नव्हती. माझ्यासारखा माणूस तिथे आरडाओरडा करत नाही, तो समजूतदार दिसतो. हे अनुभवी माणसाने पहिल्याच दिवशी ओळखायला हवं.

तिसऱ्या वेळी त्यांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. घरात कुणाची भीती वाटते का, हा प्रश्न दोघांनाही एकेकट्याने विचारला. जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे त्या जोडीने सेशन घेत नाहीत, कारण खोलीत बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तेव्हापासून बायकोचा त्यांच्यावर थोडा विश्वास बसला.

चौथ्या सेशनमध्ये एक व्यायाम होता. एकाने एक वाक्य बोलायचं, दुसऱ्याने आपलं काही न मिसळता ते परत म्हणायचं आणि विचारायचं, "बरोबर समजलं का?" बायको म्हणाली, "आई गेली त्या आठवड्यात मला झोप लागते का, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

मी म्हणालो, "तुला वाटतंय की मी तुझ्या पाठीशी नव्हतो." मॅडमनी विचारलं, "झोप कुठे गेली?" दुसऱ्यांदा म्हणालो, "तुझी झोप होत नव्हती, पण मीही रात्र रात्र दवाखान्यात..." त्यांनी हात वर केला, "'पण'च्या आधी थांबा." तिसऱ्यांदा म्हणायला गेलो तर वाक्यच आठवेना. खरंच आठवेना. माझी दवाखान्यातली धावपळ तासानिशी पाठ होती, तिचं एक वाक्य डोक्यात राहत नव्हतं. तिने ते पुन्हा सांगितलं, अगदी हळू. चौथ्यांदा मी एकेक शब्द उचलत ते म्हटलं खरं, पण शेवटी "असं तुझं म्हणणं आहे" जोडलंच. तेव्हा मला पश्चात्ताप झाला नव्हता, राग आला होता. जणू खोट्या जबाबावर सही घेतायत. बायको माझ्याकडे बघत होती आणि तिला तो राग दिसत होता. ते वाक्य मला सहाव्या सेशनला जमलं.

मग मॅडमनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: नकार, हल्ला, अदलाबदल. आधी "असं झालंच नाही", मग "तुला सगळंच लागतं", आणि शेवटी दुखावलेला मी आणि समजूत घालणारी ती. जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1997 साली या क्रमाला नाव दिलंय, डार्व्हो. त्यांनी ते अत्याचार करणारे अंगावर आलेलं कसं झटकतात, त्या संदर्भात मांडलं होतं. आमची बरीचशी भांडणं त्या तीन शब्दांत बसली.

'नार्सिसिस्ट', म्हणजे टोकाचा आत्मकेंद्री, हा शब्द बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती. मॅडमनी तो शिक्का मारायला नकार दिला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1980 पासून या नावाचा व्यक्तिमत्त्व विकार आहे, त्याची 9 लक्षणं आहेत, त्यातली किमान 5 लागतात आणि तीही तरुणपणापासून सगळीकडे दिसणारी. ती तपासणी वेगळी, ती जोडीच्या सेशनमध्ये होत नाही. बायको चिडली. त्या शब्दामुळेच तिला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण वेड्या नाही. मॅडम म्हणाल्या, "शब्द बाजूला ठेवू. तुम्हाला जे दिसलं ते खोटं नाही."

या सगळ्या काळातली सगळ्यात मोलाची गोष्ट आठव्या सेशनला घडली. मी कोसळलो. "मी किती वाईट माणूस आहे, तुझं आयुष्य मी खाल्लं," असं म्हणत रडत होतो, आणि मनापासून रडत होतो. मॅडमनी मला थांबवलं. "यांचा हात कुठे आहे बघा." बायकोचा हात माझ्या पाठीवर होता. तिचे डोळे कोरडे होते. त्या दिवशीचा विषय तिचा होता आणि ती मला थोपटत बसली होती. फुशारकीतून जे करत आलो, तेच मी रडण्यातून केलं होतं. हे मला घरी कुणीच दाखवू शकलं नसतं.

दोन सेशन ऑनलाइन झाली, ती घेऊ नका. पडद्यावर तिच्याऐवजी मी माझाच चेहरा बघत होतो.

आता महिन्यातून एकदा जातो. माझ्यासाठी वेगळा थेरपिस्ट त्यांनीच सुचवला, तिथे दर आठवड्याला जातो. राहायचं की नाही हे बायकोने अजून ठरवलेलं नाही आणि मॅडमनी तिला घाई केलेली नाही. पाचपैकी चार देतो, एक पहिल्या दोन सेशनचा कापला.

हे लिहून तिला वाचायला दिलं. तिने एक दुरुस्ती सांगितली: "ती दोन सेशन फुकट गेली नाहीत. त्या दोन दिवशी मी एकटी पडले." तिच्याच शब्दांत लिहितोय.