पद्मिनीच्या मागच्या डिस्क काढून परत ड्रम बसवून घेतले, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या चाचांकडं

माझी प्रीमियर पद्मिनी गाडी १९८६ ची. घेतली तेव्हा आधीच्या मालकानं चारी चाकांना डिस्क (फिरणाऱ्या चकतीला दोन्हीकडनं पॅड दाबतात तो ब्रेक) ठोकून घेतलेल्या, आणि कंपनीतनं चारी ड्रमच (डब्याला आतनं शू दाबतात तो ब्रेक) यायचे त्यामुळं मी पण लई खूश होतो की आपल्याला भारी माल मिळाला. तुळजापूरच्या घाटात गर्दीत थांबलो आणि हँडब्रेक पूर्ण ओढूनपण गाडी मागं सरकायला लागली, बायकोनं उतरून चाकाखाली दगड लावला तेव्हा ती खुशी उतरली. पावसात जोरात ब्रेक दाबला की बूड एका बाजूला फिरायचं ते वेगळंच. मोहोळपर्यंत जाऊन आलं तर मागची रिम इतकी तापायची की हात लावता यायचा नाही. एका गॅरेजवाल्यानं दोनदा पॅड बदलून पैसे घेतले, फरक शून्य.

मग मित्रानं चाचांकडं पाठवलं. एमआयडीसीच्या अलीकडं पत्र्याचं शेड, बोर्ड वगैरे काही नाही. चाचांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, परत आणली, रिमला हात लावला आणि म्हणाले, "मालक, मास्टर ड्रमका, ब्रेक डिस्कका. पॅड छोडताच नै." म्हणजे ड्रमच्या मास्टर सिलिंडरमधे (पेडल दाबलं की लाइनीत ब्रेक ऑइल ढकलतो तो पार्ट) एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरपण लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रममधे शू मागं ओढायला स्प्रिंग असते म्हणून चालतं, डिस्कला ती नसते म्हणून पॅड घासतच राहतं. आणि ब्रेक लागला की वजन पुढं जातं, मागचं चाक हलकं होतं, त्यात मागं डिस्क जास्त धरली की तेच आधी जाम, म्हणून बूड फिरत होतं. कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाला, हँडब्रेकची केबल तर नुसती नावाला अडकवलेली.

पुढच्या डिस्क ठेवल्या, मागं ड्रम. २०२३ ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीपण बंद झाली, आता पार्ट कुठनं आणायचे ही मला काळजी, तर चाचांनी भंगारातनं बॅकप्लेट (शू बसवायची प्लेट) आणि ड्रम शोधून आणले, ड्रम लेथवर घासून घेतले, शूला नवीन लायनर (ड्रमला घासणारा थर) रिव्हेट मारून, व्हील सिलिंडर नवीन, आणि मास्टर पुढं डिस्क-मागं ड्रमवाला टाकला. ब्रेकच्या लाइनीतली एअर काढायला पोरगं आत बसून पेडल मारत होतं तासभर, चाचा खाली झोपून, मधेच कुणी चहा आणला तरी उठले नाहीत.

सगळं मिळून १३ हजार ५०० गेले. दहा दिवस सांगून पाच आठवडे लावले ह्याचा राग आहेच, गड्ड्याची यात्रा पण गाडीशिवाय गेली. बिल मागितलं तर हसले. आणि ३०० किलोमीटरनंतर डाव्या चाकातनं चीं आवाज यायला लागला, परत नेली तर लायनर बसलं नव्हतं नीट, कडा घासून अॅडजस्ट करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

मागच्या रविवारी परत तुळजापूरला गेलो. त्याच घाटात, तशीच गर्दी, हँडब्रेक ओढला, गाडी जागची हलली नाही. बायकोनं दगड मात्र डिकीत ठेवलाय अजून.

जाणार असाल तर फोन करत बसू नका, उचलत नाहीत. शुक्रवारी दुपारी शेड बंद असतं.