पैसे भरून ऑनलाइन डिरेक्टरीत नाव: तालुक्याच्या धंद्याला परवडतं का?

"वर्षाचं पॅकेज घ्या भाऊ, गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो." हा फोन आता वरूडच्या रोपवाटिकेपासून तुमसरच्या राईस मिलपर्यंत सगळ्यांना येतो. या पॅकेजात दोन वेगळे माल एकाच पुडीत बांधलेले असतात. एक म्हणजे गुगलवर तुमचं नाव वर चढणं. दुसरा म्हणजे डिरेक्टरीच्या, म्हणजे जस्टडायल-इंडियामार्टसारख्या धंद्यांची नावं-पत्ते देणाऱ्या साइटच्या, स्वतःच्या पानावरून गिऱ्हाइकांचे फोन येणं. पहिल्यासाठी एक रुपयाही देऊ नये. दुसऱ्यासाठी द्यावा, पण ज्याचं गिऱ्हाईक तालुक्याबाहेरचं आहे त्यानेच, आणि हिशेब मांडूनच.

पहिल्याची गोष्ट जुनी आहे. १९९४ साली सुरू झालेल्या याहूच्या डिरेक्टरीत धंद्याची वेबसाइट लावायला पुढे वर्षाला २९९ डॉलर पडायचे, आणि लोक ते भरायचे, कारण तिथली लिंक मिळाली की गुगलवर साइट वर सरकायची. मग नुसत्या लिंक विकायला हजारो रद्दड डिरेक्टऱ्या निघाल्या. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा लिंकांच्या जोरावर चढलेल्या साइट धडाधड खाली आल्या. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद पडली. स्वयंसेवकांनी चालवलेली फुकटची डीमॉझही मार्च २०१७ मध्ये मिटली. गुगलच्या स्पॅम-नियमांत आजही निकृष्ट डिरेक्टऱ्यांतल्या लिंकांचं नाव घेऊन मनाई आहे. विकणाऱ्याचं बोलणं मात्र २०१० सालचंच आहे.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. त्या डिरेक्टरीत आधीच पैसे भरून बसलेल्या कोणत्याही दुकानाचं पान कॉम्प्युटरवर उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. पानाचा कोड दिसेल. त्यात कंट्रोल-एफ करून दुकानाच्या वेबसाइटचं नाव शोधा. बहुतेक वेळा लिंकेला 'नोफॉलो' (ही लिंक क्रमवारीत धरू नका) किंवा 'स्पॉन्सर्ड' (ही पैसे घेऊन दिलेली आहे) अशी गुगलसाठीची खूण चिकटवलेली असते, नाहीतर लिंक सरळ दुकानाच्या साइटवर न जाता डिरेक्टरीच्याच एखाद्या मधल्या पत्त्यावरून फिरवलेली असते. यात गैर काही नाही. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेवर अशी खूण असावी हाच गुगलचा नियम आहे. म्हणजे पेच असा, की डिरेक्टरी नियमाने चालणारी असेल तर तिच्या लिंकेचं वजन तुमच्या साइटला धरता येत नाही, आणि खूण न लावता लिंक विकणारी असेल तर ती लिंकच उद्या अंगावर येऊ शकते. दोन्हीकडून क्रमवारीसाठी मोजलेले पैसे वाया.

शिवाय तालुक्याच्या गावात लोक बघतात तो नकाशा. 'जवळचं कृषी सेवा केंद्र' असं मोबाइलवर बोललं की नकाशासोबत तीन नावं येतात. ती नावं ठरवायला गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची ओळख. नकाशातली ही जागा पैसे घेऊन विकत नाही, असं गुगल स्वतः सांगतं. अंतर तर कोणी विकूच शकत नाही. दिग्रसचं दुकान पुसदच्या माणसाला जवळचं होणार नाही. डिरेक्टरीचा हातभार लागतो तो ओळखीच्या बाबतीत, तोही थोडासा. नाव, पत्ता, फोन ठिकठिकाणी सारखा दिसला तर ते दुकान खरंच तिथे आहे याची यंत्राला खात्री पटते. पण त्यासाठी फुकटची नोंद पुरते. जस्टडायल आणि इंडियामार्ट या दोन्ही १९९६ पासूनच्या कंपन्या, दोन्हीकडे फुकट नोंद होते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधावरची नोंद, बिंग प्लेसेस, हीही फुकट आहे आणि गुगलवरची माहिती तिथे थेट ओढून घेता येते.

हा 'सारखेपणा' आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा जड जातो. कारंजा म्हटलं की वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे अशी दोन गावं. चिखली बुलढाण्यातली, तशी पिंपरी-चिंचवडमधलीही. नेर यवतमाळातलं, नेर धुळ्यातलंही. डिरेक्टरीचा डेटा भरणारा मुलगा दूरच्या ऑफिसात बसलेला असतो. तो यादीतलं पहिलं नाव निवडतो, आणि घाडग्याच्या दुकानाला लाडचे फोन येत राहतात. म्हणून नोंद करताना तालुका, जिल्हा आणि पिनकोड तिन्ही लिहा आणि छापून आल्यावर नकाशातली टाचणी स्वतः उघडून बघा. इंग्रजी स्पेलिंगही एकच ठरवा. वरूडचं पहिलं अक्षर एका ठिकाणी 'व्ही' आणि दुसरीकडे 'डब्ल्यू' असं नको. गुगलवर जे टाकलं तेच सगळीकडे. गल्लीला नाव नसेल तर गुगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून धरा, प्लस कोड (त्या जागेचा छोटा सांकेतिक पत्ता) येतो, तो पत्त्यात टाका.

पैसे भरलेल्या नोंदीत आणखी एक भानगड असते, ती बहुतेकांना उशिरा कळते. काही डिरेक्टऱ्या तुमच्या नंबरऐवजी स्वतःचा नंबर छापतात. त्यावर आलेला फोन वळवून तुमच्याकडे येतो, म्हणजे फोन किती आले हे त्यांना मोजता येतं. पॅकेज चालू असेपर्यंत सोय आहे. पण तोच नंबर इंटरनेटवर चार ठिकाणी उचलला जातो, तुमच्या खऱ्या नंबराशी जुळत नाही, आणि पॅकेज संपलं की मुका होतो. सही करण्याआधी विचारा: "पानावर माझाच नंबर दिसेल ना?" उत्तर ईमेलवर मागा. फोनवरच्या 'हो साहेब'ला काही किंमत नाही.

आता दुसरा माल, म्हणजे फोन, ज्याला सगळे लीड म्हणतात. इथे धंद्याधंद्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कृषी सेवा केंद्र, किराणा, मोटर रिवाइंडिंग, स्प्रे पंप दुरुस्ती यांनी पैसे भरू नयेत. गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं, ओळखीचं. ते डिरेक्टरी उघडून बी-बियाणं शोधत नाही. बोअरवेलवाल्याला दुकान नसून गाडी असते. त्याने गुगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गुगलवरच्या धंद्याच्या फुकट नोंदीत, पत्ता झाकून सेवाक्षेत्र भरावं. २० पर्यंत गावं-तालुके टाकता येतात, आणि तेवढ्यात काम भागतं. मंगल कार्यालयाचं मधलं आहे: तारखांची चौकशी पुष्कळ येते, पण हॉल बघायला येणारे आधीपासून गावाला धरूनच शोधत असतात. त्यापेक्षा प्रोफाइलवर हॉल, जेवणाची जागा, पार्किंग आणि जनरेटरचे चांगले फोटो टाकलेले बरे.

पैसे वसूल होऊ शकतात ते शेंदुरजना घाटच्या संत्रा रोपवाटिकेसारख्या धंद्यात. तिचा घेणारा वरूड-मोर्शीत आहेच, पण छिंदवाडा, आगर-माळवा, राजस्थानातलं झालावाड इथेही आहे. तो या भागात कोणाला ओळखत नाही, आणि तो शोधतो हिंदीत: 'संतरे के पौधे'. नोंदीत नुसतं 'प्लांट नर्सरी' लिहिलं तर कुंडीतली शोभेची झाडं मागणारे फोन येतात. तिथे लिहायला हवं ते असं: नागपुरी संत्र्याची कलमं, खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, कलमाचं वय आणि उंची, कमीत कमी किती नग, गाडीभाडं कोणाकडे, कृषी विभागाचा परवाना क्रमांक. हे मराठीत आणि हिंदीत दोन्ही. एवढं लिहिलं की फोन कमी येतात, पण येतात ते घेणाऱ्यांचे. लावणी पावसाळ्यातली, चौकशी त्याआधीची. त्यामुळे वर्षाच्या पॅकेजातले निम्मे महिने या धंद्याला तसेही रिकामे जातात. तीन महिन्यांचं देत असतील तर एप्रिल-मेपासूनचं घ्यावं. देत नसतील तर घासाघीस करावी. महिनाअखेरीला, टार्गेट भरायचं असतं तेव्हा, भाव आणि मुदत दोन्ही वाकतात.

मिनी दालमिल बनवणाऱ्याचंही तसंच. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलची मागणी बचत गटांकडून, शेतकरी कंपन्यांकडून येते आणि ती एका तालुक्यापुरती नसते. इथे डिरेक्टरी कामाची आहे. मात्र तासाला किती किलो, मोटर किती एचपी, सिंगल फेज की थ्री फेज, जीएसटीसकट किंमत, अनुदानाच्या अर्जाला कोटेशन मिळेल का, हे नोंदीतच नसेल तर दिवसभर 'काय भाव?' एवढंच ऐकावं लागतं. थ्री फेजचा मुद्दा तर पहिल्या ओळीत हवा; अर्धे सौदे तिथेच तुटतात.

लीडच्या पॅकेजात हेही धरून चाला की एकच चौकशी एकापेक्षा जास्त विक्रेत्यांकडे जाते. जो दहा मिनिटांत उलट फोन करतो त्याचं जमतं. काउंटरवर एकटाच माणूस असेल, किंवा दुपारी रोपवाटिकेत रेंज नसेल, तर लीड विकत घेऊन दुसऱ्याच्या धंद्याला हातभार लावल्यासारखं होतं. फोन उचलणारं माणूस नेमलेलं नसेल तर पॅकेज घेऊ नका.

हिशेब कागदावर मांडा. समजा पॅकेज १८,००० रुपयांचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २१,२४०. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर तो कर वजा मिळतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर खिशातूनच जातो. एका ऑर्डरमागे खर्च जाऊन ५,००० सुटत असतील तर वर्षाला पाच ऑर्डरी (कर वजा मिळत असेल तर चार) आल्या तरच पैसे निघाले, आणि त्याही अशा की ज्या एरवी आल्याच नसत्या. शेवटचं कलम महत्त्वाचं. जुनं गिऱ्हाईक डिरेक्टरीत नाव बघून फोन करतं आणि तो फोनही 'आमची लीड' म्हणून मोजला जातो.

हे वेगळं काढायला स्वतंत्र सिम घ्या आणि तो नंबर फक्त पैसे भरलेल्या नोंदीत द्या. नंबर जुळत नाही ही अडचण टाळायला तोच नंबर गुगल प्रोफाइलवर जादाचा म्हणून टाका; मुख्य नंबराशिवाय आणखी नंबर तिथे चालतात. वहीत चार रकाने करा: तारीख, गाव, काय हवं होतं, पुढे काय झालं. डिरेक्टरीच्या डॅशबोर्डवरचे 'व्ह्यूज' (पान किती वेळा बघितलं गेलं तो आकडा) या वहीत येऊ देऊ नका, त्यांनी बिल भरत नाही. वेबसाइट असेल तर डिरेक्टरीत देताना पत्त्यामागे यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी शेपटी) जोडा, म्हणजे अॅनालिटिक्समध्ये, साइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या साधनात, तिथून आलेले वेगळे दिसतील.

पॅकेज घेण्याआधी आणखी एक चाचणी फुकट करता येते. मोबाइलवर इनकॉग्निटो (तुमचे जुने शोध न धरणारी ब्राउझरची खिडकी) उघडा आणि आपला धंदा व गाव टाइप करा, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजी अक्षरांत. डिरेक्टरीचं पान पहिल्या पानावर येतं का ते बघा. आलं तर उघडा. आपल्याकडच्या तालुक्यांची पानं पुष्कळदा पोकळ असतात: चार नावं, त्यातलं एक बंद पडलेलं, दोन जिल्ह्याच्या ठिकाणची. तिथल्या दोन-तीन दुकानदारांना फोन करून विचारा, गेल्या महिन्यात इथून किती आले? आपले लोक सांगतात, स्पर्धक असले तरी.

'गुगलकडून बोलतोय' म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. गुगलवर धंद्याची नोंद ठेवायला पैसे लागत नाहीत. ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि एजंटला त्याच्या जीमेलवरून प्रोफाइल बनवू देऊ नका. पॅकेज संपल्यावर दुकान तुमचं आणि चावी त्याची अशी गत होते. झालीच असेल तर प्रोफाइलवरूनच मालकीची मागणी नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, त्याने काही केलं नाही तर पुढचा दावा करता येतो. पडताळणीला व्हिडिओ मागतात. तो न थांबता, न कापता काढायचा: रस्ता आणि पाटी, मग शटर उघडताना, मग आतला माल आणि परवाना. पाटी फ्लेक्सची फाटकी असेल तर आधी बदला, नाव वाचता आलं नाही की व्हिडिओ नापास.

पैसे भरताना शेवटचं भांडण होतं ते आपोआप कपातीवरून. हप्त्याच्या नावाखाली बँकेचा मँडेट (खात्यातून आपोआप कापायची परवानगी) किंवा यूपीआय ऑटोपे करून घेतात, आणि मुदत संपली तरी रक्कम जात राहते. शक्यतो एकरकमी द्या आणि जीएसटी बिल मागा. मँडेट दिलाच असेल तर त्यावरची शेवटची तारीख वाचा. बंद करायचं झालं तर आधी कंपनीला लेखी कळवा आणि मगच यूपीआय अॅपच्या ऑटोपे विभागातून किंवा बँकेत जाऊन मँडेट रद्द करा. उलट केलं तर 'हप्ता थकला' म्हणून तगादा सुरू होतो. पॅकेज संपून नोंद फुकटच्या यादीत उतरली की पान पुन्हा उघडून बघा: नंबर, पिनकोड आणि वेळ तुमचीच आहे ना.