जॉन्सनचा शब्दकोश आता आंतरजालावर: एक परीक्षण

नागपुरातल्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी शब्दकोश ढिगाने मिळतात, पण त्यांत अर्थाखाली दिलेले वाक्य बहुधा कोशकारानेच बसल्या जागी रचलेले असते. अशा वाक्याने शब्दाचा अर्थ कळतो. मात्र तो शब्द जाणत्या लेखकाने कोणत्या प्रसंगी आणि किती ताकदीने वापरला, याचा पत्ता लागत नाही. नागपुरात एम. ए.ला इंग्रजी घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ही उणीव जाणवत असेल, त्यांनी अठराव्या शतकातील इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनच्या कोशाची ‘जॉन्सन्स डिक्शनरी ऑनलाइन’ ही आवृत्ती अवश्य पाहावी. फ्लोरिडातील एका विद्यापीठाने ती सिद्ध केली असून वापरण्यास ती विनामूल्य आहे.

१७५५ साली दोन जाडजूड खंडांत निघालेल्या या कोशात सुमारे ४२ हजार शब्द आहेत आणि त्यांच्या आधारासाठी एक लाखाहून अधिक अवतरणे दिली आहेत. जॉन्सनने स्वतः ग्रंथ वाचून उपयोगी ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि त्या उतरवून घेण्यासाठी लेखनिक ठेवले. शेक्सपिअर, मिल्टन आणि ड्रायडन या कवींच्या ओळी तर पानोपानी भेटतात. ‘इन्कार्नाडाइन’, म्हणजे लाल रंगवणे, ही नोंद उघडून पाहावी. त्याखाली ‘मॅक्बेथ’मधील त्या ओळी येतात, ज्यांत राजाचा खून करून आलेला नायक म्हणतो की, सारा समुद्र ओतला तरी हा हात धुतला जाणार नाही, उलट हा हातच हिरवा समुद्र लाल करून टाकील. शेजारी जॉन्सनची टीप आहे: हा शब्द मला एकदाच आढळला. एवढ्या एका ओळीच्या बळावर शब्दाला कोशात जागा मिळते, आणि ती का मिळावी हे ओळ वाचताच पटते. ‘डार्कलिंग’, म्हणजे अंधारात असलेला, या शब्दापुढे मात्र ‘निव्वळ काव्यातला शब्द’ असा शेरा मारून जॉन्सन वाचकाला वेळीच सावध करतो.

ही सावधगिरी सर्वत्र असती तर बरे झाले असते. कवी शब्द निवडतो तो अर्थासाठी, तसाच वृत्तासाठी आणि यमकासाठीही. मोरोपंतांच्या आर्या वाचलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे केवळ काव्याच्या साक्षीवर शब्दाचा रोजचा वापर ठरवू गेल्यास फसगत होते. बाजारातली, कारखान्यातली, भांडणातली इंग्रजी येथे फारशी सापडत नाही. शिवाय जागेअभावी अवतरणांची काटछाट केली असून, असे तुकडे मूळ लेखकाचा विचार पोहोचवतात असे मानू नये, हे जॉन्सनने प्रस्तावनेत स्पष्टपणे लिहिले आहे. म्हणून येथील ओळ प्रबंधात उद्धृत करण्यापूर्वी मूळ ग्रंथाशी ताडून घेणे अत्यावश्यक आहे.

ताडून घेणेही सोपे नाही. काही अवतरणांखाली ग्रंथाचे नाव व सर्ग मिळतो, तर काहींखाली ‘ड्रायडन’ एवढेच. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त ज्ञानेश्वरीच्या ओवीचा अध्याय आणि क्रमांक पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही मोघम पद्धत खटकल्यावाचून राहणार नाही. अवतरणांना सालही नाही. शब्द प्रथम कधी वापरला गेला हे पाहायचे असेल, तर १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडे वळावे लागते, कारण त्यात प्रत्येक अवतरण सालासह आणि कालक्रमाने दिलेले आहे; पण त्याची आंतरजालावरील आवृत्ती सशुल्क आहे.

वापराबद्दल थोडेसे. १७५५ची पहिली आणि १७७३ची सुधारित, अशा दोन्ही आवृत्त्या येथे असल्याने जॉन्सनने पुढे काय वाढवले आणि काय गाळले हे कळते. मूळ छापील पानांची छायाचित्रेही आहेत. ती पाहताना जुन्या छपाईतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, आणि दोन रकान्यांतला तो बारीक मजकूर मोबाइलवर वाचणे डोळ्यांना जड जाते, महाविद्यालयाच्या संगणक कक्षातला मोठा पडदा त्यासाठी बरा.

स्पर्धा परीक्षेसाठी शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्यांनी येथे वेळ घालवू नये, कारण अनेक शब्दांचे अर्थ गेल्या अडीचशे वर्षांत बदलले आहेत. मिल्टन किंवा शेक्सपिअर अभ्यासाला असणाऱ्यांनी मात्र मूळ पुस्तक शेजारी ठेवून हा कोश जरूर वापरावा.