विंचला ‘बर्फाचं पॅकेज’ करून घेणार असाल तर आधी हे वाचा

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र सोलापूरहून हिमाचलमधल्या लाहौलला गेलो होतो. गाडी माझी. पुढच्या बंपरवर ९,५०० पौंडांची, म्हणजे साधारण ४,३०० किलो ओढणारी इलेक्ट्रिक विंच, म्हणजे मोटरवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र आहे. एरवी तिचं काम पावसाळ्यात, काळ्या रानात रुतलेला टेम्पो नाहीतर ट्रॉली बाहेर काढण्याचं. सोलापुरात थंडी म्हणजे पहाटे स्वेटर आणि दहा वाजता पुन्हा ऊन. उणे तापमानात विंचची काय काळजी घ्यायची हे मला माहीत नव्हतं, आणि शहरातल्या एका गॅरेजवाल्याने ते पाच मिनिटांत ओळखलं.

“मालक, बर्फात जाताय आणि विंच अशीच नेताय?” इथून सुरुवात झाली. गिअरबॉक्समध्ये थंडीचं वेगळं ग्रीस, मोटर पूर्ण वॉटरप्रूफ, दोरावर पाणी न धरणारा लेप आणि वरून कव्हर. सगळ्याचे ११,८०० रुपये. त्याच्या बोलण्यात खरं बरंच होतं, म्हणून तर मी फसलो. साधं ग्रीस कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, ओल्या दोरात पाणी गोठतं, बॅटरीचा जोर उणे १८ अंशांत निम्म्यावर येतो आणि पूर्ण भाराला विंच ४०० अँपिअरपर्यंत करंट खेचते. हे सगळं बरोबरच आहे. त्याने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. “आतलं काम आहे, थांबून काय करता?” म्हणाला. पावती मागितली तर चिठ्ठीवर आकडा लिहून दिला.

अटल बोगद्याचे ९ किलोमीटर पार करून सिस्सूच्या बाजूला उतरलो आणि संध्याकाळी गाडीची मागची चाकं घसरून रस्त्याकडेच्या नालीत गेली. समोर एक ट्रक उभा होता, त्याला दोर बांधला. घरून नेलेली सोलापुरी चादर मी पाण्यात बुडवून दोराच्या मधोमध टाकली. ताणलेल्या दोरावर जड कापड टाकायचंच, तुटला तर तो कमी उसळतो. विंच सुरू केली. गाडी जागची हलेना आणि दोर मात्र रबरासारखा लांबत चालला. माझा मूळचा दोर डायनिमाचा, म्हणजे हलक्या पण फार मजबूत प्लास्टिक धाग्याचा, १० मिलिमीटरचा. तो भार आला तरी जेमतेम ताणतो. तिथेच थांबायला हवं होतं. बटण सोडणार तेवढ्यात फाडकन आवाज झाला आणि दोराचं तुटकं टोक चादरीसकट बॉनेटवर येऊन आपटलं. ती चादर नसती तर ते टोक काच फोडून आत आलं असतं. आत मित्र बसला होता. हे लिहितानाही हात थरथरतो.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर फक्त सोलेनॉइडची, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचची टकटक. मनालीच्या मिस्त्रीने मोटर खोलली. तिच्या पोटाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र असतं, ते सिलिकॉनने बुजवलेलं होतं. हेच गॅरेजवाल्याचं वॉटरप्रूफ! वाटेतल्या चिखल-बर्फाचं आत गेलेलं पाणी तिथेच साचलं आणि रात्री गोठलं. गिअरबॉक्सच्या स्क्रूंवरचा कंपनीचा रंगही तुटलेला नव्हता. म्हणजे ग्रीस कुणी बदललंच नव्हतं.

घरी आल्यावर तुटलेला तुकडा घेऊन शेजारच्या मामांकडे गेलो. पूर्व भागात त्यांचा चाळीस वर्षांचा पॉवरलूम. सूत ओळखायचं तर ते आधी जाळून बघतात. त्यांनी दोन धागे उपसून काडी लावली. धागा आक्रसला, वितळला, पुढे कडक गोळी झाली. “नायलॉन आहे रे हा,” मामा म्हणाले. मग दुसऱ्या मित्राच्या खऱ्या डायनिमाचा धागा जाळला, तर मेणबत्तीसारखा वास आला. आणखी सोपी खूण म्हणजे पाण्याची बादली. डायनिमा पाण्यावर तरंगतो, नायलॉन बुडतो. माझा तळाला गेला. त्याच जाडीचा नायलॉन निम्माही भार सोसत नाही, आणि ओला झाला की आणखी कमजोर होतो. लेप लावायच्या नावाखाली माझा चांगला दोर काढून घेऊन त्याच रंगाचा हा गुंडाळून ठेवला होता.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, “तिकडच्या थंडीत कुठलाही दोर तुटतो.” पक्कं बिल नाही म्हणून मी तिथे अडकलो. ऑनलाइन पैसे दिल्याचा पुरावा आणि मनालीत काढलेले फोटो आहेत, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नसते, तिथेही जाणार आहे.

थंडीच्या प्रदेशात जाणाऱ्यांनी मोटरचं छिद्र खाली आणि मोकळं आहे ना ते बघा. कव्हर रात्रभर हवाबंद बांधू नका, आत ओल धरते. वायरच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत शिरू न देणारं, वीज न वाहू देणारं) लावा, दोर भिजला तर पूर्ण उलगडून वाळवून मगच गुंडाळा. गिअरबॉक्स खोलायचा असेल तर समोर उभं राहूनच खोलून घ्या, मिस्त्री कितीही ओळखीचा असो.

नवीन दोर आला तेव्हा मामांनी त्याच्या टोकाशी लाल सुताचे सात टाके घातले. गाडी कुठेही सोडताना मी आधी त्या टाक्यांचा फोटो काढतो.